पठाण नव्हे, पिंजारी

चेन्नई, १९ जून २०२५

अप्पा,

हे पत्र कामाचं आहे. तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून बाजूला ठेवू नका, आधी वाचा. बावीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही, आताही मागत नाही. एक नियम तेवढा विचारायचा आहे. तुम्ही चौतीस वर्षं तालुका कचेरीत बसून जातीचे दाखले तपासलेत. तुमच्याइतकं हे कळणारं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

माझी मुलगी शाहीना आता एकवीस वर्षांची आहे. तिने राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि लेखी पास झाली. खुल्या यादीत अडीच गुणांनी मागे पडते, पण मागासवर्गीय मुसलमानांच्या साडेतीन टक्क्यांत आरामात बसते. अर्जात तिने तसं लिहून टाकलंय. दाखला मात्र हातात नाही. कागदपत्रांची तपासणी अठरा ऑगस्टला आहे. तोवर दाखला दाखवला नाही तर यादीतून नाव गेलं.

काल तालुका कचेरीने अर्ज फेटाळला. कारण एका ओळीचं. तिच्या वडिलांच्या, दस्तगीरच्या, शाळेच्या दाखल्यावर 'पठाण' आहे आणि तिच्याही. सरकारी यादीत मुसलमानांची सात नावं आहेत. लब्बै आहेत, शेख आहेत, सय्यद आहेत, दखनी आहेत. पठाण नाहीत. आडनाव खान, कागदावर पठाण, विषय संपला.

पण दस्तगीरचं घराणं पठाण नाहीच. ते दूदेकुला आहेत. इकडे लोक पंजुकोट्टी म्हणतात आणि आपल्या मराठीत पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरणारे. यादीत दूदेकुला हे नाव स्वच्छ छापलेलं आहे. दस्तगीरला शाळेत घालताना त्याच्या वडिलांनी मोठेपणासाठी पठाण सांगितलं, आणि शाहीनाच्या वेळी कोणीतरी तेच पुढे उतरवून ठेवलं.

तर प्रश्न असा की शाळेचा कागद चुकीचा असेल, तर त्याच्यावर चालेल असा कागद कोणता? अपील आरडीओंकडेच, म्हणजे प्रांतांकडेच करायचं ना? आणि माझा स्वतःचा मागासवर्गीय दाखला मुलीला चालेल का, हे मी विचारत नाही. माझ्या निकाहाच्या दिवशी तो गेला, असं तुम्हीच दारात उभं राहून ओरडून सांगितलं होतं. नियम बरोबर होता. ओरडण्याची गरज नव्हती.

मराठीत लिहितेय, कारण या घरात ती कोणालाच वाचता येत नाही. दर रविवारी पाटी पुढे ठेवून तुम्ही शिकवलीत, ती बावीस वर्षांत कोणाशी बोलायला मिळाली नाही. चुका असतील.

जयंती


चेन्नई, २८ जून

अप्पा,

पाकीट न फोडताच परत आलं, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून. म्हणून आता पोस्टकार्ड. हे परत करायचं म्हटलं तरी नजर पडणारच. तुमच्या वेस्ट मांबलमच्या पोस्टमनला मराठी येत नाही, तेव्हा अब्रूची काळजी करू नका.

तुमच्या नातीच्या जातीच्या दाखल्याचं अपील आहे. मसुदा परवा तुमच्या खालच्या पत्रपेटीत टाकून जाईन, पाकिटाशिवाय. सगळी हकीकत त्यात आहे. वर येणार नाही. तळमजल्यावरच्या मामी म्हणाल्या, तुमचे गुडघे फार धरतात. जिना उतरताना कठडा सोडू नका.

जयंती


चेन्नई, ९ जुलै

अप्पा,

मसुदा मिळाला. साध्या पाकिटात, पोस्टाने, सोबत दोन शब्दांची चिठ्ठीसुद्धा नाही. लाल पेन्सिलीने तुम्ही त्याची जी दशा केलीय, ती पाहून दस्तगीर बिचारा घाबरलाच. ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात दोनशे माणसांवर ओरडणारा सुपरवायझर, पण सासऱ्याचं अक्षर पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, शिव्या लिहिल्यात.

मी त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवली. मी 'अन्याय' चार वेळा लिहिलं होतं, चारही उडवलेत. 'आम्ही कष्टाळू आहोत' याच्यापुढे 'संबंध काय?'. 'आजोबांचा धंदा' याच्याखाली दोन रेघा आणि 'पुरावा?'. समासात 'त्याच घराण्यातील चुलत नातलगाचा जुना दाखला जोडणे, तो सर्वांत बळकट'. आणि शाहीनाच्या नावाचं स्पेलिंग दोन पानांवर वेगवेगळं पडलं होतं, तेसुद्धा तुम्ही धरलंत.

तेवढं वाचलं आणि मी मोरीत जाऊन रडले. मला राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकदम झालं की मला रडूच येतं, हे तुम्हाला माहीत आहे. मग तोंड धुऊन सगळं नव्याने टाइप केलं.

एक गोष्ट मात्र तुमची मानली नाही. शेवटच्या पानावर तुमचं वाक्य आहे, 'घरी दखनी बोलत असल्यास दखनी मुस्लिम लिहावे, वाद उद्भवणार नाही.' चलाख सल्ला आहे. आडनाव खान असल्यावर कोणी खोलात जाणारही नाही. मी खूश होऊन तो सासूबाईंना वाचून दाखवला. मला वाटलं, त्या उडीच मारतील.

कारण दूदेकुला हे नाव चव्हाट्यावर येण्याची सगळ्यांत जास्त भीती त्यांनाच. नाव मस्तानबी, वय चौऱ्याहत्तर. मूळचं नाव मस्तानम्मा, पण ते फार तेलुगू वाटतं म्हणून माझ्या सासऱ्यांनी बदललं. पन्नास वर्षं त्या पठाणीण म्हणून राहिल्यात. माझी नणंद गौसिया हिचं लग्न त्याच नावावर अब्दुल वहाब खानांच्या मुलाशी झालं. हे खानसाहेब आमच्या मशिदीच्या जमातीच्या कमिटीवर आहेत, आणि आपण अस्सल पठाण असल्याचं दिवसातून एकदा तरी सांगतात. पंजुकोट्टीची मुलगी सून करून आणली हे त्यांना कळलं तर गौसियाचं काय होईल, या धास्तीने सासूबाई गादीवर कापूस दिसला तरी चादर ओढतात.

त्या दखनी हे नाव ऐकून म्हणाल्या, "दखनी? मला ती येते कुठे धड? पाहुणे आले की मी तोंड मिटून चहा देते, ते काय उगाच? तोंड उघडलं की तेलुगू बाहेर पडते, अम्मा."

मी म्हटलं, "अत्तै, अर्जात लिहायचंय, बोलायचं नाही."

"एक खोटं यांनी लिहिलं, त्यात शाहीनाची नोकरी अडकली. दुसरं तू लिहिशील, त्यात तिच्या मुलीची अडकेल. जे आहोत ते लिही. गौसियाचं मी बघते."

एवढं म्हणून त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला, अप्पा.

आणि त्यांनी एवढं केल्यावर मला गप्प बसवेना. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की शाहीनाच्या वेळी 'कोणीतरी' पठाण उतरवून ठेवलं. ते कोणीतरी मीच. तुम्ही पत्र फोडलंच नाहीत, पण मी खोटं लिहिलं ते लिहिलंच. शाळेच्या अर्जाचा रकाना मी माझ्या हाताने भरला. दस्तगीरने लग्नाआधीच मला सगळं खरं सांगितलं होतं. तरी मी पठाण लिहिलं, कारण कधी ना कधी तुमच्या कानावर जाईलच असं वाटायचं. मग जावई पठाण असल्याचं जावं, गादीवाला असल्याचं नको. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात, आई गेली ते मला चौथ्या दिवशी परक्यांकडून कळलं, आणि तरी मी तुमच्यासाठी जात नटवून ठेवत होते. डेप्युटी तहसीलदाराच्या मुलीने सरकारी कागदावर खोटं लिहावं, याची मला लाज वाटते.

पण मी हे शिकले कुठे, तेही सांगते. तुम्ही मजल्यावरच्या मंडळींना सांगता की तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात आपले पूर्वज सरदार होते. तुमच्या दाखल्यावर नामदेव मराठा आहे, अप्पा. आपण शिंपी. दरबारात होतोच आपण, पण अंगरखे शिवायला. त्यात वाईट काय होतं, हे मला कधी कळलं नाही.

सुनावणी एकोणतीस तारखेला आहे. जमातीतर्फे जबाब द्यायला कोण येणार, माहीत आहे? अब्दुल वहाब खान.

जयंती


चेन्नई, ३० जुलै

अप्पा,

जिंकलो! आधी हे वाचा, मग चष्मा पुसून बाकीचं वाचा. काल संध्याकाळी हुकूम हातात पडला. शाहीना, वडील दस्तगीर, जात दूदेकुला, मागासवर्गीय मुस्लिम. शिक्का गोल आहे, सही निळी आहे, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे. मी तीनदा तपासलं.

आता सुरुवातीपासून सांगते. जुन्या नोंदी बघा म्हणून सांगायला सासूबाई तालुका कचेरीच्या खिडकीवर चार वेळा गेल्या आणि चारही वेळा पठाण म्हणून परत पाठवल्या गेल्या. तुम्ही म्हणालात तसा चुलत नातलगाचा दाखला हवा होता. सासऱ्यांचं मूळ घर गुडियात्तमला. थोरल्या भावाचं कुटुंब अजून गाद्याच करतं, आणि त्यांच्याकडे दूदेकुलाचे दाखले तीन पिढ्यांचे. पण पठाण झाल्यापासून आमच्या घराने त्यांच्याशी संबंध तोडले होते. गौसियाच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, फोन करायचा नाही, मी जाणार.

गेलो. पुतण्या हुसेनप्पा दुकानाच्या फळीवर गादी शिवत बसला होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं आणि सुई न थांबवता विचारलं, "काय पिन्नम्मा, पठाणांना गादी पाहिजे का?"

सासूबाई सरळ खाली कापसाच्या ढिगाशेजारी बसल्या. म्हणाल्या, "गादी नको. माझं नाव पाहिजे." पुढचं सगळं तेलुगूत झालं आणि मला निम्मंच कळलं, पण दोघंही रडले एवढं पाहिलं. निघताना दाखल्याच्या प्रती तर मिळाल्याच, शिवाय हुसेनप्पा म्हणाला, सुनावणीला मी स्वतः येतो, आणि रिकाम्या हाताने येत नाही.

आरडीओ बाई आहेत, कमलिनी नाव. वयाने माझ्याएवढ्या, बोलणं मोजकं. तुम्हाला आवडल्या असत्या, कारण त्यांनी फाइल आधीच वाचलेली होती. समोर आम्ही, बाजूच्या खुर्चीवर पांढऱ्या दाढीचे खानसाहेब काळी टोपी घालून ताठ बसलेले. गौसियाने आदल्या दिवशी फोनवर फक्त एवढंच विचारलं होतं, "अम्मी बोलणारच का?"

आरडीओंनी विचारलं, "शाळेत पठाण का लिहिलं?"

सासूबाई उभ्या राहिल्या. मी त्यांना तमिळमध्ये थोडक्यात सांगायची तालीम दिली होती. ती सगळी वाया गेली. त्यांनी थेट तेलुगूत सुरुवात केली, खणखणीत आवाजात, आणि कारकुनाला भाषांतर करायला बसवावं लागलं. "साहेब, माझा मुलगा सहा वर्षांचा होता. हेडमास्तरांनी जात विचारली. यांनी पंजुकोट्टी सांगितलं तर मास्तर हसले, म्हणाले, मग हा शाळेत काय करणार, उशा भरणार? हे घाबरले. म्हणाले, चुकलं, पठाण लिहा. त्या दिवसापासून मी खोटी पठाणीण आहे. माझा मुलगा, माझी मुलगी, आम्ही सगळे दूदेकुला आहोत. ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐका." आणि हे शेवटचं त्या आरडीओंकडे नव्हे, खानसाहेबांकडे बघून म्हणाल्या.

खानसाहेब जमिनीकडे पाहत होते.

आरडीओ म्हणाल्या, दाखले ठीक आहेत, पण नातं खरं आणि चालीरीती त्याच आहेत हे मला पटलं पाहिजे. तुमच्यात लग्न कसं होतं?

सासूबाईंनी सांगितलं की काझी निकाह पढायच्या आधी नवरदेवाने नवरीच्या अंगणात कापूस पिंजायची पिंजण वाजवायची असते. पहिला कापूस त्याने पिंजायचा आणि त्याच कापसाची लग्नाची गादी भरायची. सासरा ठोका ऐकतो. तार नीट बोलली नाही तर नवरदेवाला पुन्हा वाजवायला लावतात आणि बायका हसून हैराण करतात. "माझ्या नवऱ्याला तीनदा वाजवायला लागली होती," असं सांगून त्या स्वतःच हसल्या. पन्नास वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"आता कोणाला येते का ती वाजवायला?" आरडीओंनी विचारलं.

हुसेनप्पा याचीच वाट पाहत होता. बाहेर व्हरांड्यात त्याने पिंजण टेकवून ठेवली होती, माणसापेक्षा उंच धनुष्य, तिला ताणलेली तात, म्हणजे आतड्याची तार. ती आत आणताना दारात अडकली, मग शिपायाने मदत केली. त्याने फरशीवर पोतं अंथरलं, कापूस ओतला आणि लाकडी ठोकळा हातात घेतला. सासूबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"अत्तै, हात!" मी ओरडले. संधिवाताने त्यांची बोटं वाकलीत. त्यांनी ऐकलं नाही. पिंजण हुसेनप्पाने धरली आणि सासूबाईंनी ठोका मारला. पहिला फुकट गेला. दुसरा निसटला. तिसऱ्याला तात जी घुमली, ती अख्ख्या कचेरीत ऐकू गेली. मग त्या थांबेचनात. कापूस उडायला लागला. वर पंखा पूर्ण वेगात. आरडीओंच्या टेबलावर कापूस, फाइलींवर कापूस, खानसाहेबांच्या काळ्या टोपीवर कापूस. बाजूच्या खोल्यांतले कारकून दारात जमले. शाहीना टाळ्या वाजवायला लागली आणि तिला गप्प करायचं सोडून मीही वाजवायला लागले. तुमच्या चौतीस वर्षांत अशी सुनावणी झाली नसेल.

आरडीओंनी फाइलवरचा कापूस फुंकून बाजूला केला आणि तिथेच हुकूम लिहायला घेतला. लिहिता लिहिता न हसण्याचा त्या फार प्रयत्न करत होत्या.

जमातीचा जबाब राहिला होता. खानसाहेब उठले. म्हणाले, "बाईंनी सांगितलं ते खरं आहे. जमातीची हरकत नाही." सही केली आणि कोणाकडे न पाहता निघून गेले. टोपी झटकलीसुद्धा नाही.

सासूबाई रात्री जेवल्या नाहीत. दाखला उशाशी ठेवून गौसियाच्या फोनची वाट पाहत बसल्या. फोन आला नाही. आज सकाळी दहाला स्वतः खानसाहेबच दारात. मी दार उघडलं. ते आत आले, बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग पिशवीतून जुन्या कागदांचं एक भेंडोळं काढलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "जयंती, तुझे वडील या खात्यातले ना? आमचे आजोबा वाणियंबाडीला कातडी कमवायचे. खान हे नाव कधी लागलं, कोणालाच आठवत नाही. धाकट्या नातवाला पुढच्या वर्षी दाखला लागेल. आमचं काय निघतं ते जरा बघ."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मोठ्याने हसल्या. इतक्या हसल्या की खानसाहेबांनाही ऐकू गेलं. मग तेही हसले. गौसिया सुखरूप आहे. आता ती सासऱ्यासमोर तेलुगू बोलते म्हणे.

कागद पाहिले मी. लब्बै असावेत असं वाटतं. नक्की सांगायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे.

जयंती


चेन्नई, ४ सप्टेंबर

अप्पा,

तपासणीत दाखल्यावर कोणी बोटसुद्धा ठेवलं नाही. काल खातं निवडायची फेरी होती. मुलांना एकेक करून आत बोलावतात, समोर पडद्यावर कुठल्या खात्यात कुठल्या प्रवर्गाच्या किती जागा उरल्यात ते दिसतं, आणि तिथल्या तिथे सांगायचं. पालकांना बाहेर थांबवतात. मी आणि सासूबाई फाटकाशी उभ्या.

मागासवर्गीय मुस्लिमांत शाहीनाचा नंबर तिसरा. सचिवालयातली एक जागा मोकळी होती. एसीची खोली, घरापासून बसने सरळ वाट, सगळे त्याच्याच मागे असतात. मी तिला तेच घे म्हणून बजावून पाठवलं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, महसूल घेतलं.

मी डोक्याला हात लावला. तालुका कचेऱ्या, उन्हातान्हात गावोगाव चौकशा, निवडणूक आली की घरदार विसरायचं. हे सगळं मी लहानपणी पाहिलंय, मला सांगायला नको. म्हटलं, "का गं, डोकं फिरलं का तुझं?"

ती म्हणाली, आत साहेबांनीही तेच विचारलं. सचिवालय सोडून महसूल का? तिने सांगितलं, "माझी आजी एका खिडकीसमोर चार वेळा उभी राहिली आणि चारही वेळा आतल्या माणसाने मान वर न करता पठाण म्हणून परत पाठवलं. मला त्या खिडकीच्या आत बसायचंय. मी मान वर करीन."

अप्पा, मी रस्त्यात उभी राहून रडले आणि या वेळी फक्त आनंदाने. बावीस वर्षं मला वाटत होतं की तुमचं घर सोडलं तेव्हा मी हरले. नाही हरले. या मुलीला मी वाढवलं. या सासूच्या हाताखाली ती मोठी झाली. नोकरी तिने स्वतःच्या गुणांवर आणि स्वतःच्या खऱ्या नावावर मिळवली, आणि तुमची एकही ओळख लागली नाही. हे तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहितेय.

पण कालपासून ती एकच विचारते आहे की चौकशीचा अहवाल लिहायचा कसा, हे शिकवणारं घरात कोणी नाही का. मी म्हटलं, आहे. नेमणुकीला अजून तीन आठवडे आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघी वेस्ट मांबलमला येतो. या वेळी पत्रपेटीपर्यंत नाही, वर येणार. शाहीना वही घेऊन येईल. ती हट्टी आहे, दार उघडेपर्यंत घंटा वाजवत राहील, आणि हा गुण कोणाकडून आला ते मला विचारू नका.

सासूबाईंनी विचारलं, तुझ्या वडिलांना आपण कोण म्हणून सांगायचं? मी म्हटलं, जे आहोत ते. त्या म्हणाल्या, मग पहिली आत मी जाते.

तुमची,
जयंती